निळ्या ठिपक्याचा पूर्वेतिहास

शिरूर तालुक्यांतील निमोणे या गांवीं एका सकाळीं कांद्याचा ट्रक भरला जात असतांना मी जवळच उभा होतों. पोतीं चढलीं, दोर आवळले गेले, आणि निघण्यापूर्वीं चालकानें आपला मोबाइल समोरच्या कांचेपाशीं अडकविला. पडद्यावर रस्त्यांचें जाळें उमटलें व त्याच्या मध्यावर एक निळा ठिपका लुकलुकूं लागला. शेजारी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, "हा ठिपका म्हणजे आपणच का रं?" चालक म्हणाला, "हो आबा, आपणच." त्यावर आबा म्हणाले, "अन् आपण हितं हाय, हे त्याला कुणी सांगितलं?" चालक हंसला आणि ट्रक निघून गेला. आबांच्या प्रश्नाचें उत्तर मात्र कोणीच दिलें नाहीं. आजच्या भाषणांत तें उत्तर देण्याचा मी यथाशक्ति प्रयत्न करणार आहें.

निमोणे हें समुद्राचें गांव नव्हे. सरळ रेषेनें मोजलें तरी तेथून समुद्र दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे, आणि मध्यें सह्याद्रि आडवा उभा आहे. पर्जन्यछायेच्या पट्ट्यांतील या मुलखास मोठें पाणी ठाऊक आहे तें चिंचणीच्या धरणाचें, घोड नदीचें व पुढें भीमेचें. तथापि आबांचा प्रश्न मुळांत समुद्रावरचाच आहे. जमिनीवर वाट चुकलेल्या माणसास विचारावयास कोणी तरी भेटतें. मैलाचा दगड असतो, पाराचा वड असतो. समुद्रावर यांपैकीं कांहींच नाहीं. म्हणून "मी कोठें आहें?" हा प्रश्न प्रथम खलाशांनीं विचारला आणि त्याचें उत्तर शोधण्यांत कित्येक शतकें घालविलीं. आज हौसेनें शिडाची नौका घेऊन समुद्रावर जाणारीं माणसें आपल्या लॅपटॉपवर सागराचा नकाशा उघडतात, तेव्हां त्यांनाहि तसाच एक ठिपका आपल्या नौकेच्या जागीं दिसतो. तो ठिपका आणि आबांचा ठिपका एकाच कुळांतले आहेत. त्या कुळाची कथा मनोरंजक आहे. शिवाय तिच्यांत एक इशाराहि आहे, आणि तो ऐकण्यासाठीं माणसांना आपल्या नौका गमवाव्या लागल्या आहेत.

आरंभ आपल्याच किनाऱ्यापासून करूं. कोंकणांतील तांडेल पिढ्यान् पिढ्या किनारा नजरेंत ठेवून नाव हाकीत आला. डोंगराचें टोंक आणि त्याच्या अलीकडील देवळाचें शिखर एका ओळींत आलें, कीं आपण एका ठराविक रेषेवर आहों हें त्यास कळे. दुसऱ्या बाजूची अशीच एक जोडी जुळली, कीं त्या दोन रेषा जेथें छेदतात तेथें आपली नाव. या रीतीस लागतात ते दोन डोळे आणि आजोबांपासून चालत आलेली आठवण. पाण्याची खोली मोजावयाची ती शिशाचें वजन दोरीस बांधून. मापाचें नांव वाव, म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधील अंतर. उधाणाची भरती केव्हां आणि भांगाचें पाणी केव्हां, हें तिथीवरून तोंडपाठ असे.

किनारा दिसेनासा झाला म्हणजे आकाशाकडे पाहावें लागे. अरबी समुद्रांतील नावाडी कमाल नांवाचें एक साधें यंत्र वापरीत. लाकडाची लहानशी फळी आणि तिच्या मध्यांतून ओंवलेली गांठींची दोरी, एवढेंच तें यंत्र. दोरी दातांत धरावयाची, फळीची खालची कड क्षितिजास व वरची कड ध्रुव ताऱ्यास टेकवावयाची. दोरीची कितवी गांठ दातांत आली यावरून ध्रुव किती उंच हें समजे. ध्रुवाची उंची म्हणजेच त्या स्थळाचा अक्षांश. निमोण्याच्या अंगणांतून ध्रुव सुमारें साडेअठरा अंश वर दिसतो. त्याच उंचीवर तो दिसेल अशी समुद्रावरील प्रत्येक जागा निमोण्याच्याच अक्षांशावर आहे, मग ती कोंकणासमोर असो वा तांबड्या समुद्रांत. दक्षिणेकडे दिसणारा आपला अगस्त्य तारा अरब खलाशांनाहि तितकाच परिचित होता. ते त्यास सुहैल म्हणत.

अक्षांशाचें काम याप्रमाणें ताऱ्यांनीं केलें. रेखांशाचें काम मात्र तारे एकटे करूं शकेनात, कारण पृथ्वी फिरते आणि पूर्व-पश्चिमेचा हिशेब हा काळाचा हिशेब होतो. हें समजण्यास समुद्रावर जावयास नको. आपल्या घड्याळांतील वेळ ८२॥ अंश रेखांशाची आहे आणि निमोणे त्याच्या पश्चिमेस सुमारें आठ अंशांवर आहे. एका अंशास चार मिनिटें या हिशेबानें तेथें सूर्य मध्यान्हीं येतो तो, वर्षाची सरासरी धरली तर, साडेबाराच्या सुमारास. अंगणांत काठी रोवून तिची सर्वांत आंखूड सावली केव्हां पडते तें घड्याळाशीं ताडून पाहिलें, तर निमोण्यांतील शाळकरी मुलासहि आपल्या गांवाचा रेखांश ढोबळ मानानें काढतां येईल. खलाशास हेंच हवें होतें. अडचण एवढीच होती, कीं हेलकावे खाणाऱ्या जहाजावर महिनोन्-महिने बरोबर चालणारें घड्याळ कोणापाशीं नव्हतें. जॉन हॅरिसन या इंग्रज कारागिरानें १७५९ सालीं असें घड्याळ पुरें केलें, आणि तेव्हांपासून खलाशाच्या पेटींत कोनमापक, कालमापक आणि नाविक पंचांग या तीन वस्तु एकत्र आल्या.

कालमापक बरोबर आहे कीं नाहीं हें बंदरांत पडताळून पाहावें लागे. मुंबईच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या सोयीसाठीं ईस्ट इंडिया कंपनीनें १८२६ सालीं कुलाब्यास वेधशाळा उभारली ती याच कारणास्तव. पुढें याच वेधशाळेंत अलिबागजवळील नागांवचा एक तरुण नोकरीस लागला. त्याचें नांव केरो लक्ष्मण छत्रे. पुण्याच्या विद्वन्मंडळांत केरूनाना म्हणून जे मान्यता पावले, तेच हे. वेध घेणें आणि कोष्टकें मांडणें यांचें शिक्षण त्यांस कुलाब्यास मिळालें. १८६० सालीं त्यांनीं "ग्रहसाधनाचीं कोष्टकें" हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८६५ पासून त्यांच्या गणितानें व आबासाहेब पटवर्धन यांच्या साहाय्यानें जें पंचांग निघूं लागलें तें पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झालें. या पंचांगाचें गणित कशावरून केलें जाई? इंग्लंडांत खलाशांसाठीं छापल्या जाणाऱ्या नाविक पंचांगावरून. ज्या आंकड्यांच्या आधारें जहाजें महासागर ओलांडीत, त्याच आंकड्यांवरून देशावरील कांहीं घरांत एकादशी आणि ग्रहण ठरूं लागलें. त्यावर मोठा वाद माजला हें खरें. परंतु समुद्र न पाहिलेल्या घरांतहि समुद्राची विद्या किती गुपचूप येऊन बसते, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

दुसरें एक उदाहरण रेल्वेच्या स्थानकावर दिसतें. पिवळ्या पाटीवर गांवाच्या नांवाखालीं समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. आपल्या देशांतील ही सपाटी मुंबई, कारवार आदि नऊ बंदरांतील भरती-ओहोटीच्या दीर्घ निरीक्षणांवरून १९०९ सालीं ठरविण्यांत आली. निमोण्याची भूमि पांचशे मीटरांहून उंच आहे असें आपण म्हणतों, तेव्हां ती उंची त्या बंदरांतील पाण्यापासून मोजलेली असते.

श्रोतेहो, येथवर आपण "मी कोठें आहें" एवढाच प्रश्न पाहिला. परंतु खलाशास दुसराहि एक प्रश्न असतो, आणि तो अधिक भयंकर आहे: "माझ्या पुढें काय आहे?" याचें उत्तर तारा देत नाहीं आणि घड्याळहि देत नाहीं, तें नकाशानें द्यावयाचें असतें. १७८६ सालीं ॲटलस नांवाचें जहाज बटेव्हियाहून सिलोनकडे येत असतां दिएगो गार्सिया या बेटावर आदळून फुटलें. त्याच्यावर जेम्स हॉर्सबर्ग नांवाचा तरुण अधिकारी होता. चुकीच्या नकाशावर विश्वास ठेवल्यामुळें हा घात झाला, ही गोष्ट त्याच्या मनास इतकी लागली, कीं त्यानें उर्वरित आयुष्य हिंदी महासागरांतील खडक, प्रवाह व वारे यांची नोंद करण्यांत वेंचलें. तो मुंबईहून सुटणाऱ्या जहाजांवर हिंडला, प्रत्येक सफरींत टिपणें केलीं, आणि १८०९ पासून त्याची मार्गदर्शिका प्रसिद्ध होऊं लागली. पूर्वेकडे येणाऱ्या जहाजांच्या कप्तानांनीं ती पुढें कित्येक वर्षें हाताशीं बाळगली. आपल्या पश्चिम किनाऱ्याचें मोजमाप मुंबईच्या नाविक दलांतील अधिकाऱ्यांनीं होड्यांतून, शिशाचें वजन टाकीत, वावेवावेनें केलें. त्यांतील टेलर या अधिकाऱ्याच्या हाताखालीं १८७४ सालीं कलकत्त्यास सागरी मोजणीचें स्वतंत्र खातें निघालें. स्वातंत्र्यानंतर १९५४ सालीं हें कार्यालय डेहराडूनास गेलें. आपल्या समुद्रांचे अधिकृत नकाशे आजहि तेथेंच, हिमालयाच्या पायथ्याशीं, तयार होतात.

आतां हौशी नौकानयनाकडे वळूं. मुंबईच्या एका कारखान्यांत बांधलेली, बत्तीस फूट लांबीची सागवानी नौका १९६४ च्या अखेरीस पाण्यांत उतरली. तिचें नांव सुहैली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा व्यापारी जहाजांवरील तरुण अधिकारी होता. १४ जून १९६८ रोजीं तो या नौकेंतून इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरांतून एकटाच निघाला आणि कोठेंहि न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं परत आला. त्या शर्यतीस नऊ जण निघाले होते. पोंचला तो हा एकटाच, आणि कोठेंहि न थांबतां एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारा पहिला मनुष्य हाच. त्याच्यापाशीं कोनमापक, कालमापक, कागदी नकाशे आणि पंचांग, म्हणजे केरूनानांच्या काळींच सिद्ध झालेलीं साधनें होतीं.

परंतु त्याच सुमारास आकाशांत एक नवी पद्धति आकार घेत होती. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याचा ध्वनि ऐकणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या असें लक्षांत आलें, कीं उपग्रह जवळ येतांना व दूर जातांना ध्वनीचा सूर जो बदलतो, त्यावरून उपग्रह कोठें आहे हें काढतां येतें. मग प्रश्न उलटा केला: उपग्रह कोठें आहे हें ठाऊक असेल, तर ऐकणारा कोठें आहे हें काढतां येईल काय? येतें, असें सिद्ध झालें, आणि त्यांतून पुढें आज जी. पी. एस. म्हणून प्रसिद्ध असलेली योजना निघाली. तिचा पहिला उपग्रह १९७८ सालीं वर गेला. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या या प्रत्येक उपग्रहांत अणूंच्या कंपनावर चालणारें घड्याळ असतें. उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा अखंड सांगत राहतो. खालचें यंत्र, तो निरोप पोंचण्यास किती विलंब लागला यावरून उपग्रहाचें अंतर काढतें. चार उपग्रहांचें अंतर कळलें, कीं जागा निश्चित झाली. घड्याळांत एका सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली, तर जागा तीनशे मीटरांनीं चुकेल. म्हणजे पाहा, कुलाब्याच्या वेधशाळेंत जें तत्त्व होतें तेंच येथेंहि आहे. घड्याळ तेवढें आकाशांत गेलें.

ही विद्या प्रथम लष्करासाठीं होती. १ सप्टेंबर १९८३ रोजीं कोरियाचें एक प्रवासी विमान मार्ग चुकून रशियाच्या हद्दींत शिरलें व पाडलें गेलें. २६९ माणसें मृत्यु पावलीं. त्यानंतर, योजना पूर्ण होतांच ती सर्व लोकांस खुली करूं, असें अमेरिकेनें जाहीर केलें. तरीहि सामान्य लोकांस मिळणारी खूण मुद्दाम अंधुक ठेवलेली असे, इतकी कीं शंभर मीटरांपर्यंत चूक संभवे. मे २००० च्या आरंभीं हा पडदा दूर झाला आणि एका रात्रींत चूक दहा-वीस मीटरांवर आली. पुढें आपल्या देशानेंहि या कामीं परक्यांवर सर्वस्वीं अवलंबून राहूं नये म्हणून स्वतःची उपग्रहमालिका उभारण्यास आरंभ केला. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजीं सोडण्यांत आला आणि २०१६ सालीं तिला "नाविक" हें नांव मिळालें.

लॅपटॉपवरील सागरी नकाशाचें काम कसें चालतें, हें आतां सांगणें सोपें आहे. उपग्रहांचे निरोप ऐकणारें लहानसें यंत्र दर सेकंदास एक-दोन ओळी लिहून लॅपटॉपकडे धाडतें. त्या ओळींत वेळ, अक्षांश आणि रेखांश असतात. लॅपटॉपमधील कार्यक्रम त्या आंकड्यांच्या जागीं नकाशावर नौकेचें चिन्ह ठेवतो, मागें आलेली वाट रेखाटतो, पुढील टप्प्याची दिशा व अंतर सांगतो, आणि उथळ पाण्याची मर्यादा ठरवून दिली असेल तर जवळ जातांच घंटाहि वाजवितो. पूर्वीं हौशी नावाड्याच्या केबिनमध्यें नकाशांच्या जाड गुंडाळ्या असत. आतां सगळा महासागर एका चपट्या पेटींत मावतो. ओपनसीपीएनसारखे कांहीं कार्यक्रम जगभरच्या स्वयंसेवकांनीं रचून फुकट उपलब्ध केले आहेत. सामान्य ऐपतीच्या माणसास नौकानयन सुकर झालें, याचें मोठें श्रेय या साधनांस आहे.

परंतु नकाशा कोठून आला? तो आंतून निर्माण झालेला नाहीं. कित्येक ठिकाणीं तो जुन्या मोजणीच्या कागदावरूनच उतरून घेतलेला असतो. हिंदुस्थानची जुनी मोजणी एव्हरेस्ट यांनीं १८३० सालीं मांडलेल्या पृथ्वीच्या आकारमानावर आधारलेली होती. उपग्रहांची मोजणी निराळ्या आकारमानावर आहे. दोहोंचा मेळ घातला नाहीं, तर कांहीं ठिकाणीं ठिपका शंभर मीटरांहून अधिक सरकतो. दूरच्या बेटांच्या जागा तर जुन्या नकाशांत याहून पुष्कळ अधिक चुकलेल्या होत्या. आंकडा अचूक आणि कागद चुकीचा, असा हा प्रसंग. खाडीच्या मुखाशीं शंभर मीटर म्हणजे पाणी आणि खडक यांतील अंतर होय.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. कागदी नकाशा जेवढा असतो तेवढा दिसतो. पडद्यावरील नकाशा मात्र लहान-मोठा करतां येतो, आणि दूरवरचा देखावा पाहावयाचा असला म्हणजे गर्दी होऊं नये म्हणून बारीक खुणा गळून पडतात. २०१४ सालीं जगाभोंवतीं शिडाच्या नौकांची एक प्रसिद्ध शर्यत चालू होती. तिच्यांतील टीम व्हेस्टास विंड ही नौका केप टाउनहून अबू धाबीकडे जात असतां २९ नोव्हेंबरच्या रात्रीं, मॉरिशसच्या ईशान्येस सुमारें ४३० किलोमीटरांवर, कार्गादोस काराजोस नांवाच्या प्रवाळबेटांवर भर वेगानें आदळली. तिच्यावर नऊ माणसें होतीं आणि तीं सर्व आपल्या कामांत जगांतील निवडक गणलीं जाणारीं होतीं. उपग्रहावरून मिळालेली जागा बरोबर होती. बेटेंहि नकाशांत होतीं, शतकांपूर्वीं पोर्तुगीज खलाशांनीं पाहिलेलीं. परंतु पडदा ज्या मापावर ठेवून मार्ग आंखला होता, त्या मापावर तीं स्पष्ट दिसत नव्हतीं. तेथें चाळीस मीटर पाणी आहे असा समज झाला. पडदा थोडा मोठा करून पाहिला असता, तर खडक डोळ्यांपुढें उभा राहिला असता. माणसें सुदैवानें वांचलीं. पुढील चौकशींत हीच गोष्ट मुख्यत्वेंकरून नमूद झाली.

१७८६ आणि २०१४. महासागर तोच, मध्यें सव्वादोनशे वर्षें. हॉर्सबर्गचा नकाशा चुकीचा होता, म्हणून जहाज बुडालें. व्हेस्टासचा नकाशा बरोबर होता, पण तो नीट पाहिला गेला नाहीं.

मग हीं यंत्रें टाकून द्यावींत काय? कोणी घाईनें असें म्हणूं लागेल, म्हणून आपल्याकडील प्रदक्षिणांचा वृत्तान्त सांगतों. नौदलांतील व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी हे निवृत्तीनंतर फलटणजवळील विंचुर्णी या गांवीं राहिले. निमोण्यासारखेंच तें भीमेच्या खोऱ्यांतील, समुद्रापासून दूरचें गांव. एखाद्या भारतीयानें शिडाच्या नौकेंतून एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनीं घेतला व नौदलाच्या मागें लागून तो सिद्धीस नेला. या कामास कमांडर दिलीप दोंदे हे मराठी अधिकारी पुढें आले. नौका गोव्यांत, मांडवीतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत बांधली गेली आणि मांडवीच्याच जुन्या नांवावरून तिला म्हादई म्हणूं लागले. १९ ऑगस्ट २००९ रोजीं दोंदे मुंबईहून निघाले. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटें आणि केप टाउन या चार ठिकाणीं थांबून मे २०१० मध्यें मुंबईस परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या नौकेवर उपग्रहांचें साहाय्य होतें. तथापि यंत्र जागा सांगे, आणि शीड केव्हां आवरावें, वादळास कोणती बाजू द्यावी, तें त्यांस स्वतःच ठरवावें लागे. त्याच म्हादईतून अभिलाष टॉमी यांनीं १ नोव्हेंबर २०१२ रोजीं निघून, कोठेंहि न थांबतां १५१ दिवसांत प्रदक्षिणा पुरी केली.

याच टॉमींच्या पुढच्या सफरींत दुसरी बाजू दिसते. सुहैलीच्या प्रवासास पन्नास वर्षें झालीं म्हणून २०१८ सालीं एक शर्यत ठरली. तिचा नियम असा, कीं १९६८ सालीं उपलब्ध होतीं तीं साधनेंच वापरावयाचीं. उपग्रहाचें यंत्र मोहरबंद पेटींत, केवळ प्राणसंकटाच्या वेळीं उघडण्यासाठीं. टॉमींची नौका थुरिया ही गोव्यांत बांधलेली सुहैलीचीच प्रतिकृति होती. कोनमापक आणि कागदी नकाशे यांवर ते हिंदी महासागराच्या दक्षिण भागापर्यंत गेले. २१ सप्टेंबर रोजीं वादळांत नौका उलटली, डोलकाठ्या मोडल्या, आणि पाठीस जबर मार लागून त्यांना उठतां येईना. कोणत्याहि खंडाचा किनारा हजारों किलोमीटर दूर. परंतु नौकेवरील संकटसूचक यंत्रांनीं त्यांची जागा उपग्रहांमार्फत जगास कळविली. आपल्या नौदलाच्या विमानानें त्यांस शोधून काढलें, आणि २४ तारखेस ओसिरिस या फ्रेंच गस्ती जहाजानें त्यांस उचललें. केवळ ताऱ्यांच्या भरंवशावर त्या दिवशीं कोणी त्यांच्यापर्यंत पोंचूं शकलें असतें, असें मला वाटत नाहीं. बरे होऊन ते पुन्हां त्याच शर्यतींत उतरले आणि एप्रिल २०२३ मध्यें दुसरे आले.

तेव्हां यंत्र शत्रु नाहीं आणि देवहि नाहीं. तें एकाच प्रश्नाचें उत्तर देतें, "तूं कोठें आहेस" या प्रश्नाचें, आणि तें इतकें चोख देतें कीं दुसरा प्रश्न विचारावयाचा आपणांस विसर पडतो. "तुझ्या पुढें काय आहे" हें ज्याचें त्यानें पाहावयाचें असतें: नकाशा मोठा करून पाहावयाचा, त्याच्या मोजणीचें साल कोणतें हें वाचावयाचें, खोली मोजावयाची, आणि अखेरीस डोकें वर करून समुद्राकडे पाहावयाचें. अनुभवी हौशी नावाडी आजहि लॅपटॉपच्या जोडीला कागदी नकाशा ठेवतात आणि तासा-तासास त्यावर पेन्सिलीनें आपली जागा टिंबानें लिहितात. वीज गेली तरी तें टिंब राहतें. शिवाय तें टिंब ठेवण्यासाठीं विचार करावा लागतो. पडद्यावरचा ठिपका विचार केल्यावांचूनच पुढें सरकत असतो.

माझी वेळ संपत आली. निमोण्याच्या त्या आबांस आतां मी असें सांगेन: "आबा, आपण येथें आहों हें त्या ठिपक्यास एकट्या कोणी सांगितलें नाहीं. दातांत दोरी धरून ध्रुवाकडे पाहणाऱ्या नावाड्यानें सांगितलें. समुद्रावर घड्याळ चालतें ठेवणाऱ्या कारागिरानें सांगितलें. कुलाब्यास रात्र-रात्र वेध घेणाऱ्यांनीं सांगितलें. जहाज फुटल्यावर कागद-लेखणी घेऊन बसलेल्या हॉर्सबर्गनें सांगितलें. आणि उन्हांत होडींतून वावेवावेनें तळ चांचपणाऱ्या, नांव न राहिलेल्या खलाशांनीं सांगितलें." आणि ट्रक निघतांना चालकास एवढेंच सांगेन, कीं बाबा, ठिपक्यावर भरंवसा जरूर ठेव, पण कांचेबाहेरच्या रस्त्यावरची नजर काढूं नकोस.